दीपाचा डावा डोळा

मी सगळं सांगते, पण मधेच कुणी 'जाऊ द्या हो काकू, कुणाला काय माहीत होतं' असं म्हणायचं नाही. हे वाक्य मी त्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता नुसतं कानावर पडलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

गोष्ट न्यू जर्सीतल्या एडिसन गावातली आहे, त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी सालातली. तेव्हा ओक ट्री रोडवर आजच्यासारखी दुकानांची जत्रा नव्हती. दुकानात कुणी मराठी बोलताना ऐकू आलं की त्याला तिथल्या तिथे जेवायला बोलवायचं, अशी आमची अवस्था. रविवारी कुणाकडे भजन असायचं, कुणाकडे पत्ते. आमच्याकडे स्लाइड्स. माझा नवरा श्रीरंग केमिकल इंजिनियर, पण फोटोच्या नादाने पुरता झपाटलेला. लग्न होऊन मी अमेरिकेत आले तेव्हा घरात जमिनीवर एक गादी होती, चहापुरतं एक पातेलं होतं, आणि कपाटात मखमलीवर ठेवलेला निकॉनचा कॅमेरा होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ह्या घरात आपला नंबर कितवा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारची जेवणं उरकली की मंडळी आमच्या बेसमेंटमध्ये जमायची. खिडक्यांना काळं कापड लावायचं, पडदा सोडायचा, प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये प्रत्येकाने आपापल्या स्लाइड्स भरायच्या. नियम एकच, आणि तो श्रीरंगचा. स्लाइड पडद्यावर आली की आळीपाळीने प्रत्येकाने तिच्यातली खोट सांगायची. कौतुक करायचं नाही. 'कौतुक करायला घरी बायका आहेत, इथे शिकायला या,' असं तो म्हणायचा. मी वरून विचारायचे, कुठली बायको करते ती? खाली हशा व्हायचा. नायगाऱ्याचा फोटो लागला की एकजण म्हणणार क्षितिज कललंय, दुसरा म्हणणार उजेड जास्त झाला, तिसरा म्हणणार एवढा धबधबा सोडून वहिनींना मधे कशाला उभं केलंत. उंटावरचे शहाणे सगळे. पण लपवायचं कशाला, मला ते रविवार आवडायचे. वर वडे तळताना खालचे आवाज ऐकू यायचे आणि घर भरल्यासारखं वाटायचं.

बायका वर, पुरुष खाली. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण होतं तसंच. आम्ही खाली जायचो ते ताटल्या घेऊन, आणि जिन्याच्या पायरीवर उभ्या राहून दोन-चार स्लाइड्स बघून परत वर.

मंडळींत श्रीरंगच्या बरोबरीचे गुरुदत्त होते, हाडांचे डॉक्टर, बोलायला अगदी मऊ. आणि सगळ्यांत तरुण संजीव. तो आमच्या मागच्या रस्त्यावर राहायला आला तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, कॉम्प्युटरमध्ये नोकरी, कुणालाही 'यार' म्हणायची सवय. बायको उत्तरा, साताऱ्याची. कमी बोलायची, पण बोलली की मुद्द्याचं. मला मूलबाळ नाही. ते आत्ताच सांगते म्हणजे तुम्हाला विचारायला संकोच नको. उत्तराचं डोहाळजेवण मी केलं, डिंकाचे लाडू मी केले, आणि दीपा झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन तेल लावायलाही मीच. श्रीरंगचा तर त्या पोरीवर असा जीव की विचारू नका. त्याच्या लेन्सेसना मी फडकं लावलं तरी तो खेकसायचा, आणि ही बया रांगत जाऊन त्या तोंडात घालायची, तर हा म्हणायचा, 'राहू दे, राहू दे, धुऊन घेऊ.'

दीपा झाल्यावर संजीवने एक छोटा ऑटोमॅटिक कॅमेरा घेतला. फ्लॅश आतच बसवलेला, बटण दाबलं की आपोआप उडायचा. श्रीरंगने नाक मुरडलं, पण संजीव सुटला होता. पोरगी झोपली, काढ फोटो. पोरगी शिंकली, काढ फोटो.

तिचा पहिला वाढदिवस जूनमध्ये झाला आणि त्याच्या स्लाइड्स जुलैच्या रविवारी लागल्या. मी वड्यांचं ताट घेऊन पायरीवर उभी होते, माझ्या मागे उत्तरा. पडद्यावर दीपा आली. डोक्याला कागदी टोपी, गालाला केक, हसून हसून डोळे मोठे केलेले. उजव्या डोळ्यात तांबडा ठिपका होता. डाव्या डोळ्यात पांढरा.

'रेड आय,' श्रीरंग लगेच म्हणाला. 'ह्या खेळण्यांत फ्लॅश लेन्सच्या फार जवळ असतो. उजेड सरळ डोळ्यात जातो आणि आतून तसाच परत येतो.'

'ते ठीक, पण एक लाल आणि एक पांढरा?' संजीवने विचारलं.

'लॅबने डाग पाडला असेल,' गुरुदत्त म्हणाले.

'डाग नाही, मान वळलीय तिची. दोन्ही डोळ्यांचा अँगल सारखा नाही,' श्रीरंग म्हणाला.

संजीवने पुढची स्लाइड लावली. तीतही तसंच. आणखी एक, तीतही. प्रत्येक वेळी मंडळींनी नवीन कारण काढलं. कुणी फिल्म जुनी असेल म्हणालं, कुणी लेन्सवर बोट लागलं असेल म्हणालं. लॅब झाली, फिल्म झाली, कॅमेरा झाला. पोरगी सोडून सगळ्यांच्यात खोट निघाली.

तेव्हा उत्तरा माझ्या मागून बोलली. 'नुसतं फोटोत नाही काका. घरीसुद्धा दिसतं कधीकधी. तिन्हीसांजेला, दिवे लावायच्या आधी. मांजराचा डोळा चमकतो तसा चमकतो.'

सगळ्यांनी माना वळवून जिन्याकडे पाहिलं. पुरुषांना काही सुचायच्या आत संजीवची आई हसली. सुमित्राबाई त्या उन्हाळ्यात चिपळूणहून नातीला बघायला आल्या होत्या आणि खाली मानाने खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे डोळे घारे, लख्ख, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. गोष्ट कशाचीही निघो, फिरून फिरून ती त्यांच्या डोळ्यांवर यायची.

'अगं वेडे, घारी होतेय ती,' त्या म्हणाल्या. 'माझ्यावर गेलीय. माझी आई सांगायची, माझासुद्धा आधी एकच डोळा फिरला होता, दुसरा मागाहून.'

झालं. मंडळींचे चेहरे उजळले. आणि श्रीरंगने काय करावं? आजीबाईंच्या बोलण्याला शास्त्राचा शिक्का मारून दिला. घाऱ्या डोळ्यात रंग कमी असतो, म्हणून उजेड जास्त परततो, म्हणून तो पांढरा दिसतो. एकदम बरोबर आहे म्हणे. चिपळूणची म्हातारी आणि अमेरिकेत शिकलेला इंजिनियर एका बाजूला झाले, मग साताऱ्याच्या पोरीने बोलायचं तरी काय. त्या दिवसापासून दीपाला सगळे 'घारी' म्हणायला लागले. मीही म्हणायचे. नाव गोड होतं.

उत्तराने तरी सोडलं नव्हतं. दीपाला डॉक्टरकडे नेऊया म्हणून ती संजीवच्या मागे लागली. संजीव म्हणाला, 'काय सांगू यार त्यांना? फोटो वाईट आलाय म्हणून आलो? हसतील ते.' हे आमचं एक दुखणंच होतं त्या काळात. गोरा डॉक्टर हसेल, गोरा शेजारी हसेल. आपण इंडियातून आलेले, आपण उगाच घाबरणारे, असं त्यांना वाटायला नको. मग उत्तराने एका रविवारी गुरुदत्तांना गाठलं. त्यांनी दीपाचा गाल धरला, खिडकीपाशी नेऊन डोळ्यांत पाहिलं. लख्ख दुपार होती, डोळा काळाभोर. 'मी हाडांचा डॉक्टर, मला यातलं कळत नाही. पण पोर बघ कशी पळतेय. पुढच्या तपासणीला विचार,' असं म्हणून ते खाली स्लाइड्स बघायला गेले. सुमित्राबाई परत गेल्या त्या बॅगेत नातीच्या फोटोंचा गठ्ठा घेऊन.

श्रीरंगच्या डोक्यातून मात्र तो पांढरा ठिपका जाईना. तिच्या काळजीने नव्हे, फोटो बिघडतो म्हणून. एवढी गोड पोरगी आणि प्रत्येक फोटोत तो ठिपका. ऑक्टोबरमध्ये त्याने आपला दुसरा कॅमेरा कपाटातून काढला आणि संजीवला देऊन टाकला. फ्लॅश वेगळा, मुंडकं वळणारा. आमच्या हॉलमध्ये दीपाला गालिच्यावर बसवून त्याने संजीवला दाखवलं. 'तिच्या तोंडावर मारायचा नाही. मुंडकं छताकडे वळव. उजेड छतावर आपटू दे आणि मग खाली येऊ दे. म्हणजे डोळ्यात सरळ काही जात नाही.' संजीव शिकला. उत्तरा सोफ्यावर बसून बघत होती.

नोव्हेंबरच्या रविवारी त्या स्लाइड्स लागल्या. काय सांगू, असे फोटो मी मासिकातही पाहिले नव्हते. मऊ उजेड, गालावर लव दिसतेय, आणि दोन्ही डोळे काळे, टपोरे, स्वच्छ. मग गुरुदत्तांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. त्या बेसमेंटमध्ये कुणाच्या स्लाइडला टाळ्या पडल्या त्या पहिल्यांदाच. श्रीरंग लग्नातल्या वरबापासारखा फुलून बसला होता.

वर आल्यावर उत्तरा सिंकपाशी माझ्याशेजारी उभी राहिली. चेहऱ्यावरचा ताण उतरलेला. 'काकू, मलाच उगाच काहीतरी दिसत होतं,' ती म्हणाली आणि ताटल्या विसळायला लागली.

हिवाळा असाच गेला. संजीवचा हात बसला. दर महिन्याला दीपाच्या नव्या स्लाइड्स यायच्या आणि एकापेक्षा एक देखण्या निघायच्या. घारे डोळे व्हायचे राहिले ते राहिलेच, पण त्याची आठवणही कुणाला नव्हती. दीपा चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, नेहमी डावा. आम्ही तिला वेंधळी म्हणायचो. मार्चच्या सुमारास तिचा डावा डोळा किंचित नाकाकडे झुकायला लागला. लहान मुलांचं होतं असं, मोठेपणी जातं, असं प्रत्येकजण प्रत्येकाला सांगत होता.

एप्रिलमध्ये एका सकाळी उत्तराचा फोन आला. 'काकू, आत्ता या.' मी चपला घालून तशीच गेले. दीपाची आंघोळ झालेली, टॉवेलात गुंडाळून पलंगावर बसलेली. उत्तराने टॉवेलाचं टोक घेऊन तिचा डावा डोळा झाकला आणि समोर बिस्कीट धरलं. पोरीने खुदकन हसून ते घेतलं. मग उत्तराने उजवा डोळा झाकला आणि दुसरं बिस्कीट धरलं. दीपा हसायची थांबली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि चाचपडायला लागली. बिस्कीट तिच्या नाकापुढे होतं. ती भलतीकडेच हात फिरवत राहिली आणि मग रडायला लागली.

'सकाळी टॉवेलाआड बुवा-कुक खेळत होतो,' उत्तरा म्हणाली. 'तेव्हा कळलं. हिला ह्या डोळ्याने दिसतच नाहीये काकू.'

गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने बॅटरीने आत पाहिलं, आणि आमच्याशी एक शब्द न बोलता शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला स्वतः फोन लावला. डोळ्याच्या आत गाठ होती, वाईट गाठ. लहान मुलांनाच होते ही. त्याच आठवड्यात त्यांनी दीपाचा डावा डोळा काढला. त्या दिवसाबद्दल मी जास्त सांगणार नाही. मला जमत नाही.

पुढे रिपोर्ट आले. गाठ डोळ्यात थांबली नव्हती, मागच्या नसेपर्यंत पोचली होती. हॉस्पिटलमधला डॉक्टर म्हातारा होता, आवाज हळू. त्याला जाणून घ्यायचं होतं की हे कधीपासूनचं आहे. 'घरी फोटो आहेत का?' त्याने संजीवला विचारलं. 'फ्लॅश मारून काढलेले? कितीही वाईट आले असतील तरी चालतील.' संजीव हसला. त्याला रडायचं होतं, पण तो हसला. आमच्याकडे फोटोंशिवाय होतं काय?

संजीव ड्राइव्ह करायच्या स्थितीत नव्हता, म्हणून आम्ही दोघं गेलो त्यांच्याबरोबर. डॉक्टरच्या खोलीत भिंतीवर एक्स-रे बघायची उजेडाची पेटी होती. तिच्या खालच्या पट्टीवर संजीवने स्लाइड्स ओळीने मांडल्या. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर महिना छापलेला असतो, त्यामुळे लावायला सोपं गेलं. डॉक्टरने श्रीरंगचं भिंग घेतलं आणि एकेक बघत चालला. त्याच्या बोटाकडे आम्ही चौघं पाहत होतो.

'इथे आहे,' तो म्हणाला. वाढदिवसाची स्लाइड. 'इथे आहे. इथे. इथे मोठी झालीय.' मग बोट थांबलं. तो मागे गेला, पुन्हा पुढे आला. 'आणि इथून पुढे एकाही फोटोत नाही. असं होत नाही. ही गाठ जात नाही, वाढते.' त्याने आमच्याकडे वळून पाहिलं. 'ऑक्टोबरमध्ये काय झालं?'

संजीव खाली बघत होता. खोलीत उजेडाच्या पेटीचा बारीक आवाज येत होता. श्रीरंग उभा राहिला. का उभा राहिला देव जाणे, बसूनही सांगता आलं असतं.

'मी ह्याला फ्लॅश छताकडे वळवायला शिकवलं,' तो इंग्रजीत म्हणाला. 'फोटो चांगला यावा म्हणून.'

डॉक्टरने चष्मा काढला आणि 'आय सी' म्हणाला. मला वाटतं त्याने आयुष्यात खूप पाहिलं असणार, पण हे नसावं.

मग उत्तराने विचारलं. तिचं इंग्रजी तेव्हा जेमतेम होतं, पण प्रश्न तिने आधीच मनात जुळवून ठेवला असावा, कारण ती अडखळली नाही. 'ह्या पहिल्या फोटोच्या वेळी मी तिला घेऊन आले असते तर?'

'डोळा बहुतेक गेलाच असता,' डॉक्टर म्हणाला.

'आणि ती?'

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. 'ती बहुतेक वाचली असती.'

परतताना गाडीत दीपा माझ्या मांडीवर झोपलेली, डोळ्यावर पांढरी पट्टी. त्यांना घरी सोडून आम्ही आमच्या घरी आलो, आणि मग मात्र माझा तोल सुटला. मी श्रीरंगला नको नको ते बोलले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते तरी बरे, तुम्ही तर कळसाच झाकून ठेवलात. एवढे शिकलात, एवढं फिजिक्स, आणि एका पोरीच्या डोळ्याकडे डोळा म्हणून बघता आलं नाही तुम्हाला? तो कोट न काढता हॉलमध्ये उभा राहिला. माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, 'मला ती सुंदर दिसायला हवी होती गं.' मला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली, आणि दोन्ही मला नको होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

पुढचे महिने म्हणजे हॉस्पिटल आणि घर. औषधांनी दीपाचे केस गेले. कधी पोटात काही ठरायचं नाही, कधी नुसती झोपून असायची. बरं वाटलं की ती श्रीरंगकडे हात पसरायची, तिला काय माहीत. तो तिला उचलून घ्यायचा आणि तोंड भिंतीकडे करून उभा राहायचा. कॅमेऱ्याला त्याने हात लावला नाही. संजीवनेही नाही. त्या दिवसांचा एकही फोटो कुणाकडे नाही. थंडी पडली आणि दीपा गेली. तीन वर्षांचीही झाली नव्हती.

आमचे रविवार अर्थातच बंद पडले होते. आणि मग मार्चमध्ये उत्तराचा फोन आला. तिने श्रीरंगला फोनवर बोलावलं. 'काका, येत्या पहिल्या रविवारी स्लाइड्स लावा. दीपाच्या. नेहमीच्या सगळ्यांना बोलवा.' श्रीरंगचा चेहरा पडला. मला म्हणाला, कॅन्सल कर, सांग मला बरं नाही. मी म्हटलं, तिने मागितलंय ना, मग लावायच्या. मला वाटलं, आईचं मन आहे, चार जिवाभावाच्या माणसांत बसून लेकीला डोळे भरून बघावंसं वाटत असेल.

सगळे आले. त्या दिवशी वडे नव्हते, चहासुद्धा नाही, आणि बायका वर थांबल्या नाहीत. आम्ही सगळ्या खाली उतरलो. उत्तरा सगळ्यांत पुढे, पडद्याजवळच्या खुर्चीत बसली. प्रोजेक्टरचं बटण वायरसकट तिने स्वतःच्या हातात घेतलं होतं. ट्रे तिने घरूनच भरून आणला होता. श्रीरंग मागे प्रोजेक्टरपाशी उभा राहिला.

दिवा मालवला आणि पडद्यावर वाढदिवसाची दीपा आली. माझ्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. आम्ही वाट पाहत राहिलो, पण स्लाइड पुढे सरकेना.

'बोला ना,' उत्तरा म्हणाली.

कुणाला कळलं नाही.

'तुमचा नियम आहे ना. कौतुक करायचं नाही, खोट सांगायची. सांगा. काय चुकलंय ह्या फोटोत?'

'उत्तरा, प्लीज,' संजीव म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. 'गुरुदत्तकाका, तुमच्यापासून सुरू करू. लॅबने डाग पाडलाय ना?'

गुरुदत्तांनी मान खाली घातली. 'नको गं बेटा. मला नाही जमणार.'

'तेव्हा जमलं होतं.' आवाज चढलेला नव्हता. स्वयंपाकघरात मीठ मागावं तशी ती बोलत होती. तिने बटण दाबलं. दुसरी दीपा, डाव्या डोळ्यात पांढरा. तिसरी, पांढरा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या ट्रेमध्ये ऑक्टोबरनंतरची एकही स्लाइड नव्हती. सुंदर फोटो, टाळ्या मिळालेले फोटो, सगळे तिने घरी ठेवले होते. प्रत्येक स्लाइडपाशी ती थांबायची, मंडळींकडे वळून पाहायची आणि कुणीतरी खोट सांगायची वाट बघायची. एरवी नायगाऱ्यालाही न सोडणारी माणसं आता आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. संजीव ओंजळीत तोंड धरून बसला होता.

शेवटची स्लाइड लागली. हिच्यात तो ठिपका इतका मोठा होता की डोळा पूर्ण भरला होता. पोरगी हसतच होती.

मागून श्रीरंगचा आवाज आला. 'फोटोत काही चुकलं नव्हतं, पोरी. फोटो सांगत होता. आम्ही ऐकलं नाही.'

उत्तरा खुर्चीत वळली. पडद्यावरचा उजेड तिच्या पाठीवर होता, चेहरा दिसत नव्हता.

'फोटोचं राहू द्या, काका,' ती म्हणाली. 'मी सांगत होते.'